जगाची खिडकी आणि शेजारचे दार

शाळेच्या चार भिंतींपैकी एका भिंतीवर पडदा लावावा, त्यावर सातासमुद्रापलीकडील एखाद्या शाळेचा वर्ग उमटावा, तिकडच्या मुलांनी हात हालवावेत आणि इकडच्या मुलांनी 'तुमच्याकडे आता किती वाजले?' असे विचारावे, ह्या गोष्टीचे आजच्या मुलांस फारसे नवल राहिलेले नाही. आम्हांस मात्र ते आहे. बालाघाटहून नागपुरास जावयाचे तर गोंदियास अरुंद रुळांची गाडी सोडून मोठ्या गाडीत चढावे लागे, ही आठवण बाळगणारी माणसे ह्या शहरात अजून पुष्कळ आहेत. जबलपूरच्या बाजूचा त्या अरुंद मार्गाचा राहिलेला टप्पा २०१५ साली बंद झाला आणि तेथे रुंद रूळ आले. ज्या गावास जगाकडे जाण्यासाठी आधी गाडी बदलावी लागत होती, त्या गावातील सहा-सात वर्षांचे मूल आता आपल्या बाकावरून न उठता जपानातील मुलाशी बोलू शकते. हा बदल लहान नाही. त्याचे स्वागत करण्यात आम्ही कोणाच्या मागे राहणार नाही. परंतु स्वागताचा हार घालण्यापूर्वी पाहुणा कोण, तो कशासाठी आला आहे आणि घरातील माणसांशी तो कोणत्या भाषेत बोलणार आहे, एवढी विचारपूस करणे हा गृहस्थाचा धर्म आहे. आज आम्हांस तीच करावयाची आहे.

ह्या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण परदेशातून आणावयाची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्या मोडकळीस आलेल्या शाळेच्या एका अंगास गुरांचा गोठा आणि दुसऱ्या अंगास कोठार होते. ३ डिसेंबर २०२० रोजी त्याच शिक्षकाचे नाव दहा लाख डॉलरांच्या जागतिक शिक्षक पुरस्कारासाठी लंडनहून जाहीर झाले. वार्की फाउंडेशनने युनेस्कोच्या सहकार्याने दिलेल्या ह्या पुरस्कारासाठी १४० हून अधिक देशांतील बारा हजारांवर नावे विचारात होती. आणि डिसले यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने त्यांच्या कार्याची जी हकीकत प्रसिद्ध केली, तीत दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की घरी उभारलेल्या आपल्या प्रयोगशाळेतून दूरदर्शी सहलींच्या रूपाने त्यांनी ८३ देशांतील १,४०० हून अधिक वर्गांना धडे दिले. दुसरी 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' ह्या उपक्रमाची. भारत आणि पाकिस्तान, पॅलेस्टाइन आणि इस्रायल, इराक आणि इराण, अमेरिका आणि उत्तर कोरिया अशा एकमेकांशी वैर धरून बसलेल्या देशांतील मुलामुलींच्या जोड्या लावावयाच्या, सहा आठवडे त्यांनी एकमेकांशी बोलावयाचे, मिळून काही तयार करावयाचे आणि आपल्यांत सारखे काय आहे ते शोधावयाचे, अशी त्याची योजना. आठ देशांतील एकोणीस हजार विद्यार्थी तीत तोवर सहभागी झाले होते.

लोकांनी ह्या हकीकतीतील डॉलर वाचले, देशांची संख्या वाचली आणि पडद्याचे कौतुक केले. आमच्या मते त्या हकीकतीतील सर्वांत मोलाचे वाक्य तिसरेच आहे आणि ते फारसे कोणी वाचले नाही. परितेवाडीच्या बऱ्याच मुलींची घरची भाषा कानडी होती आणि पाठ्यपुस्तके त्या भाषेत नव्हती. तेव्हा शिक्षकाने गावात राहून मुलींची भाषा शिकून घेतली, पुस्तके त्या भाषेत उतरविली आणि मग पानापानावर ठिपक्यांची ती चौकोनी खूण छापली, जिच्यावर दूरध्वनी धरला की कविता ऐकू येते आणि धडा दिसू लागतो, असे त्या संस्थेने नमूद केले आहे. क्रम ध्यानात घ्यावा. आधी मुलांची भाषा, मग पुस्तक, मग यंत्र आणि सर्वांत शेवटी जग. आपल्याकडे हा क्रम उलटा लावण्याची घाई चालली आहे. यंत्र आधी येते, जगाची भाषा म्हणून इंग्रजी त्याच्यामागून येते, आणि मूल घरी काय बोलते हे विचारण्याची आठवण कोणास होत नाही.

बालाघाट जिल्ह्यास हा प्रश्न पुस्तकी नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सतरा लाख लोकसंख्येच्या ह्या जिल्ह्यात वारासिवनी, कटंगी, लांजी ह्या बाजूस घरोघर मराठी आणि पोवारी ऐकू येते. बैहरच्या डोंगरात गोंडी आणि बैगांची बोली आहे. बाजारात हिंदी आहे. मूल शाळेच्या उंबरठ्याशी चपला काढते तशी घरची भाषाही तेथेच काढून ठेवते आणि हिंदीत शिरते. आता त्याच मुलापुढे पडदा येणार आणि त्यास सांगितले जाणार की जगाशी बोलावयाचे तर इंग्रजीतच बोल. म्हणजे दुसऱ्या उंबरठ्याशी दुसरे जोडे काढावयाचे! अशा रीतीने अनवाणी होऊन जगासमोर उभे राहिलेले मूल जगास काय सांगणार? 'माझे नाव अमुक, मी भारतात राहतो' एवढी दोन पाठ केलेली वाक्ये ते म्हणेल, टाळ्या पडतील, छायाचित्र निघेल आणि पडदा मिटेल. ह्यास संवाद म्हणावयाचे असेल तर पोपटासही वक्ता म्हणावे लागेल.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. इंग्रजीचा आम्ही द्वेष करीत नाही, हिंदीचा तर मुळीच नाही. त्या भाषा मुलांनी शिकाव्यात आणि उत्तम शिकाव्यात. पण सांगण्याजोगे जे काही मुलाजवळ असते, ते प्रथम त्याच्या घरच्या भाषेत असते. आईने भात कसा लावला, आजोबा खाणीत कसे उतरत, नदीस पूर आला तेव्हा काय झाले, हे मूल आपल्या भाषेत आधी नीट सांगू शकले, तर मग त्याचे भाषांतर करण्यास शिक्षक आहे, यंत्र आहे, पलीकडचा मित्र आहे. मुळात सांगावयाचेच नसेल तर भाषांतर कशाचे करावयाचे?

शाळांनी शाळांशी बोलावे ही कल्पना यंत्राने जन्मास घातलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्सच्या दक्षिणेस बार-स्यूर-लू ह्या खेड्यात सेलेस्तें फ्रेने नावाच्या प्राथमिक शिक्षकाने १९२४ साली वर्गात एक लहान छापखाना आणला. मुले आपले अनुभव सांगत, त्यांतील निवडक मजकूर स्वतः जुळवून छापीत. १९२६ साली त्या वर्गाने देशाच्या दुसऱ्या टोकास, ब्रिटनीच्या समुद्रकाठी त्रेगंक येथील रने दानिएल यांच्या वर्गाशी नियमित देवघेव सुरू केली. डोंगरातील मुलांचे छापील कागद समुद्राकडे जात आणि समुद्राकाठच्या मुलांचे डोंगराकडे येत. तेथे वीज लागली नाही, पडदा लागला नाही, टपाल पुरले. जे लागले ते एवढेच की आपण लिहिलेले वाचण्यास कोणी तरी दूरवर उत्सुकतेने बसले आहे, ही मुलाची खात्री. परीक्षकासाठी लिहिणारे मूल चूक टाळण्यासाठी लिहिते. मित्रासाठी लिहिणारे मूल समजावे म्हणून लिहिते. ह्या दोन लेखनांतील अंतर ज्यास कळले, त्यास ह्या साऱ्या विषयाचे मर्म कळले.

महाराष्ट्रातही ह्या दिशेने प्रयोग झाले आहेत. सुगत मित्र यांना २०१३ साली टेड पुरस्कार मिळाल्यावर भारतात व इंग्लंडात मिळून ज्या सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यांपैकी एक फलटणच्या कमला निंबकर बालभवनात होती. त्या योजनेत इंग्लंडातील निवृत्त शिक्षक आणि आजीबाई पडद्यावरून भारतीय मुलांशी गप्पा मारीत, गोष्टी सांगत. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गाडिवाट म्हणून गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेच्या मुलांस कोणती परदेशी भाषा शिकावयाची असे विचारले, तेव्हा यंत्रमानवांच्या ओढीने त्यांनी जपानी निवडली आणि २०२० साली, महामारीने शाळांस टाळे असताना, एका जाणकाराकडून ती दूरस्थ पद्धतीने विनामूल्य शिकण्यास आरंभ केला. फलटणास मुले शिकली ती बोलून आणि गाडिवाटला मुले शिकली ती स्वतः निवडून. दोन्हीकडे दिखाऊपणा कमी आणि सातत्य अधिक होते, म्हणूनच ते उल्लेखनीय.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू या, कारण ते हलके नाही. अनेक पालक आणि काही शिक्षकही म्हणतील की मुलांस सरळ वाचता येत नाही, पाढे येत नाहीत, आणि तुम्ही त्यांस जपान दाखविता? आधी पोटाला भाकर, मग मुखास विडा. ह्या म्हणण्यातील कळकळ आम्हांस मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. वाचता न येणाऱ्या मुलास वाचण्याचे कारण मिळाले नाही, हाही त्याच्या अडचणीचा एक भाग असतो. आपल्या नावे आलेले पत्र मूल शब्द शब्द लावून वाचते. धडा तसा वाचीत नाही. पलीकडच्या मुलाने 'तुमच्या शाळेत किती मुले, त्यांत मुली किती' असे विचारले की बेरीज-वजाबाकीस अर्थ येतो. 'आमच्याकडे अकरा वाजले असता तुमच्याकडे अडीच कसे?' ह्या एका प्रश्नात पृथ्वीची परिवलनगती आहे. संवाद हा अभ्यासावरचा शेला होता कामा नये. तो अभ्यासाच्या विणीतलाच धागा झाला पाहिजे. तसा होत नसेल तर पालकांचा आक्षेप खरा ठरेल, आणि तो आम्हीही मग त्यांच्या बाजूने मांडू.

दुसरा आक्षेप साधनांचा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या युडायस प्लस अहवालाप्रमाणे २०२३-२४ साली देशातील सुमारे ५४ टक्के शाळांतच इंटरनेटची सोय होती. २०२४-२५ साली ते प्रमाण ६३ टक्क्यांच्या वर गेले. म्हणजे दर तीन शाळांपैकी एक शाळा अद्याप अंधारात आहे, आणि ती कोठे असेल हे जंगलपट्टीच्या जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. पण पंचायतीच्या कपाटापर्यंत आलेली तार पन्नास पावलांवरच्या शाळेत गेली की नाही, हे विचारणे नागरिकांचे काम आहे. आणि यंत्रांवर फार विसंबूही नये. दोन वर्गांनी 'हो' अथवा 'नाही' एवढ्याच उत्तरांतून एकमेकांचा देश ओळखावयाचा, असा एक खेळ ज्या स्काइपवर जगभर लोकप्रिय झाला, ती स्काइप सेवाच मे २०२५ मध्ये बंद पडली. सेवा येतात आणि जातात. प्रश्न विचारण्याची सवय लागली तर ती मात्र राहते.

तिसरी गोष्ट प्रतिष्ठेची आहे, आणि तिच्याविषयी आम्हांस सर्वांत अधिक चिंता वाटते. संपन्न देशातील वर्ग आणि आपल्या खेड्यातील वर्ग पडद्यावर समोरासमोर आले की एक दाता आणि दुसरा याचक, एक प्रेक्षक आणि दुसरा देखावा, असे होण्यास वेळ लागत नाही. आमची मुले कोणाच्या करुणेचा विषय म्हणून पडद्यावर जाऊ नयेत. ती सांगणारी म्हणून जावीत. आणि बालाघाटच्या मुलांजवळ सांगावयास काय कमी आहे? आशियातील अतिखोल भूमिगत मँगनीज खाणींत गणली जाणारी भरवेलीची खाण ह्या शहराच्या वेशीशी आहे. जगात मँगनीजचे सर्वांत मोठे साठे दक्षिण आफ्रिकेत आहेत आणि तेथील हॉटॅझेल हे गाव त्या खाणींवरच उभे आहे. भरवेलीच्या मुलाने काळा दगड हातात धरावा आणि हॉटॅझेलच्या मुलाने आपला धरावा. दोघांचे वडील एकाच धातूसाठी जमिनीत उतरतात हे कळल्यावर भूगोलाच्या पुस्तकास आणखी काय शिकवावयाचे उरते? आपल्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भात खाणारे जपानी मूल त्याचा सुगंध पडद्यातून घेऊ शकणार नाही, पण रोवणी कशी होते हे विचारल्याशिवाय राहणार नाही. कान्हाच्या रानातील बारशिंग्याची गोष्ट तर कोणत्याही देशातील मूल कान टवकारून ऐकेल. योगायोग असा की दक्षिण आफ्रिकेचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे आणि जपानचे साडेतीन तास पुढे आहे. येथे सकाळचे अकरा वाजले असता तेथे साडेसात, आणि तिकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात. अमेरिकेत मात्र तेव्हा रात्र असते. तिकडच्या मुलांशी पत्राने अथवा ध्वनिमुद्रणानेच बोलावे लागेल. हा हिशेब शाळेने आधी केला नाही तर उपक्रम पहिल्याच दिवशी फसतो.

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. जगाची खिडकी उघडण्याची एवढी उमेद आपल्यात आहे, तर शेजारचे दार आपण कधी ठोठावले? बालाघाटहून गोंदिया सुमारे चाळीस किलोमीटर. मध्ये बाघ नदी. अलीकडे रजेगाव, पलीकडे रावणवाडी. दोन्ही तीरांवर तोच भात, तीच बोली, तेच सोयरेसंबंध. लग्नाची वऱ्हाडे रोज पुलावरून जातात. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हे दोन्ही तीर एकाच राज्यात होते, त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी ह्या त्याच्या दोन राजभाषा होत्या. दुसऱ्या दिवशी नदी सीमा झाली. त्या आखणीच्या न्यायान्यायाचा ऊहापोह आज करावयाचा नाही. परंतु त्यानंतर पलीकडच्या मुलाच्या दप्तरात एका मंडळाची पुस्तके आली आणि अलीकडच्या मुलाच्या दप्तरात दुसऱ्या; एकच आजी असलेली दोन मामे-आतेभावंडे वेगवेगळे धडे वाचू लागली आणि त्यांच्या शाळा एकमेकींस अनोळखी झाल्या. वैरी राष्ट्रांतील मुलांच्या जोड्या लावण्यासाठी एका शिक्षकास केवढे सायास करावे लागले! आपल्या दोन तीरांत तर वैर नाहीच. येथे अडथळा आहे तो केवळ उदासीनतेचा, आणि उदासीनतेवर कोणत्याही तहाची गरज लागत नाही.

ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली राज्यांची नवी रचना अमलात आणली, तिनेच संविधानात ३५०-अ हे कलम घातले, आणि भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य ठरविले. सीमा आणि हे आश्वासन ही एकाच दिवसाची जुळी भावंडे आहेत. एक भावंड चांगले बाळसेदार झाले. दुसऱ्याची प्रकृती कशी आहे हे वाचक जाणतातच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकविण्याचा पुरस्कार केला आहे. ज्या शाळेत मराठी शिकविण्यास शिक्षक नाही, त्या शाळेत पडद्यावरून गोंदियाचा शिक्षक आठवड्यातून एक तास मराठी वाचून दाखवू शकतो. कोणी म्हणेल की असा पडदा दाखवून सरकार शिक्षक नेमण्याचे टाळील. हा धोका खरा आहे. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो की हा तास शिक्षकाच्या जागी नव्हे, शिक्षक येईपर्यंत आणि आल्यावर त्याच्या जोडीस हवा आहे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे आणि खर्चाची नाही. बालाघाट आणि गोंदिया ह्या दोन जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी एकत्र बसून नदीच्या दोन तीरांवरील काही प्राथमिक शाळांच्या जोड्या ठरवाव्यात. महिन्यातून एक तास पडद्यावर भेट आणि दर पंधरवड्यास पत्रांचे एक पाकीट, एवढ्यावर आरंभ करावा. बोलणे मराठीत, पोवारीत, हिंदीत, ज्या मुलास जे येईल त्यात व्हावे. प्रश्न मुलांनी काढावेत. भेटीस अधिकारी बोलावू नयेत, हार-तुरे आणू नयेत आणि गुण तर देऊच नयेत. मुलांची पूर्ण नावे, घरांचे पत्ते आणि छायाचित्रे बाहेर जाणार नाहीत अशी व्यवस्था ठेवावी. मुलांच्या माहितीस आईवडिलांची पडताळलेली संमती घ्यावी, असे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातच सांगितले आहे. एक वर्ष हे नीट चालले म्हणजे त्याच मुलांस घेऊन हॉटॅझेल गाठावे, जपान गाठावे. तोवर त्यांस ऐकावयास आणि सांगावयास येऊ लागलेले असेल. ज्या शिक्षकांवर ह्याचा भार पडेल त्यांच्या माथ्यावरील इतर नोंदवह्यांचा भार तेवढा उतरविला पाहिजे, हेही अधिकाऱ्यांनी विसरू नये. शिक्षकाच्या उसन्या वेळेवर उभारलेला उपक्रम पहिल्या बदलीबरोबर कोसळतो.

आणि अधिकारी हालले नाहीत तर? तर नागरिकांनी हालावे. रजेगावच्या शाळेतील शिक्षकाने रावणवाडीच्या शिक्षकास एक दूरध्वनी करावयास कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. आपल्या मुलाने लिहिलेले पहिले पत्र आईने लग्नास जाणाऱ्या पाहुण्याच्या हाती पुलापलीकडे पाठवावे. फ्रेनेच्या शाळेस टपाल पुरले, आपणांस वऱ्हाडाची गाडीही पुरेल. साऱ्या जगाशी बोलण्याची हौस आपल्या मुलांनी अवश्य धरावी. पण लंडनचे मूल ओळखीचे आणि गोंदियाचे परके, अशी पिढी वाढली तर तिच्या खिडक्या कितीही मोठ्या असोत, घर तिचे राहणार नाही. येत्या सत्राच्या पहिल्या महिन्यात ह्या जिल्ह्यातील निदान एका वर्गाने नदीपलीकडच्या एका वर्गास हाक मारावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. पलीकडून ओ येईल, ह्याविषयी आम्ही निःशंक आहोत.